संगणकाचें अंतरंग

बँकेच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या गृहस्थाला, विजेच्या बिलाची तक्रार घेऊन गेलेल्या गृहिणीला किंवा पेन्शनचा आकडा चुकला म्हणून कचेरींत खेपा घालणाऱ्या वृद्धाला एक वाक्य हमखास ऐकावें लागतें : "संगणकांत असेंच दिसतें आहे." हें वाक्य उच्चारलें गेलें कीं वाद संपतो. सांगणाराला पुढें कांहीं सुचत नाहीं व ऐकणाराला पुढें कांहीं विचारवत नाहीं. वस्तुतः वाद तेथें संपूं नये. परंतु तो पुढें चालवावयाचा तर संगणक म्हणजे काय, तो आकडा कोठून आणतो व कोणाच्या सांगण्यावरून आणतो, हें निदान स्थूलमानानें तरी ठाऊक असावयास हवें. हें ज्ञान वाटतें तितकें अवघड नाहीं. ज्याला बेरीज-वजाबाकी येते व ज्यानें शाळेंत लघु-गुरूंचे गण पाठ केले आहेत, त्याला संगणकाचें मर्म समजण्यास कांहींच अडचण पडूं नये.

इंग्रजींतील 'काँप्यूटर' हा शब्द मुळांत यंत्राचा वाचक नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तें एका धंद्याचें नांव होतें. वेधशाळांतून व सैन्याच्या कचेऱ्यांतून दिवसभर आकडेमोड करणाऱ्या स्त्री-पुरुषांस 'काँप्यूटर' म्हणत. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्याला तोफांच्या माऱ्याचीं कोष्टकें हवीं होतीं, आणि माणसांच्या हातून तीं वेळेवर होईनात. तेव्हां पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत 'एनिॲक' नांवाचें एक प्रचंड विद्युत्-यंत्र उभारण्यांत आलें. फेब्रुवारी १९४६ मध्यें तें जगापुढें ठेवण्यांत आलें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते व त्याचें वजन सुमारें ३० टन होतें. त्याची गति पाहून लोक थक्क झाले. पण या यंत्राची एक मोठी खोड होती. त्याला नवें गणित घालावयाचें म्हणजे शेंकडों तारा उपटून त्या दुसरीकडे जोडाव्या लागत व खटके फिरवून नव्यानें लावावे लागत. पूर्वीं हातानें आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांपैकींच सहा जणींवर हें काम सोंपविलें होतें. गणित सुटावयास थोडा वेळ आणि तें यंत्राला सांगावयास कित्येक दिवस, असा तो उफराटा प्रकार होता.

या अडचणीवरचा तोडगा एका साध्या कल्पनेंत होता, आणि आजच्या प्रत्येक संगणकाचा प्राण ती कल्पनाच आहे. एनिॲकचे निर्माते एकर्ट व मॉकली आणि गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्या चर्चेंतून ती आकाराला आली व नॉयमन यांनीं जून १९४५ च्या एका टिपणांत ती मांडली. ती अशी कीं, यंत्राला द्यावयाच्या आज्ञा तारांच्या जोडणींत गुंतवूं नयेत. आकडे जेथें सांठवावयाचे त्याच जागीं, आकड्यांच्याच रूपानें, आज्ञाहि सांठवाव्या. मग यंत्राला हात न लावतां केवळ आज्ञा बदलल्या कीं यंत्राचें काम बदलेल.

येथें दोन शंका सहज येतात. विजेच्या यंत्रांत आकडा सांठवावयाचा कसा, ही एक. आणि आज्ञा हा आकडा कसा होऊं शकतो, ही दुसरी.

पहिल्या शंकेचें उत्तर छंदःशास्त्रांत मिळतें. अक्षर एक तर लघु असतें, नाहीं तर गुरु. तिसरा प्रकार नाहीं. तरीहि तीन अक्षरांच्या जागा घेतल्या कीं लघु-गुरूंच्या आठ वेगवेगळ्या रचना होतात. तेच य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. चार जागा घेतल्या तर सोळा रचना, आठ घेतल्या तर दोनशें छप्पन्न. अशा रचना क्रमानें मांडण्याची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रांत फार पूर्वींच सांगितलेली आहे. विजेच्या खटक्याचें असेंच आहे. तो एक तर चालू असतो किंवा बंद. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य, असें ठरविलें कीं खटक्यांच्या रांगेंत संख्या लिहितां येते. आपल्या नेहमींच्या लेखनांत एकं, दहं, शतं अशीं दहा-दहा पटीनें वाढणारीं स्थानें असतात. येथें एक, दोन, चार, आठ अशीं दुप्पट होत जाणारीं स्थानें असतात. तेरा ही संख्या आठ, चार व एक मिळून होते. म्हणून ती ११०१ अशी लिहावयाची. यांतील प्रत्येक स्थानाला 'बिट' म्हणतात, आणि आठ बिटांचा मिळून एक 'बाइट' होतो.

संख्या लिहितां आली कीं बाकी सर्व लिहितां येतें. 'युनिकोड' या नांवानें जगांतील लिप्यांची जी क्रमवारी ठरलेली आहे, तींत 'अ' या अक्षराचा क्रमांक २३०९ असून 'क' चा २३२५ आहे. मराठी पत्र संगणकांत असतें तें अशा क्रमांकांची रांग होऊन. चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा व निळा रंग किती हें सांगणारे तीन आकडे. गाणें म्हणजे सेकंदाला हजारों वेळां घेतलेलें ध्वनीचें माप. संगणक गाणें ऐकत नाहीं, चित्र पाहत नाहीं व पत्र वाचत नाहीं. त्याच्या लेखीं हे सारे आकडेच.

आतां दुसरी शंका. घटकाभर असें समजावें कीं यंत्रांत क्रमांक घातलेले कित्येक कप्पे आहेत आणि जवळ एक पाटी आहे. यंत्राला थोड्याच क्रिया येतात, आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. क्रिया १ म्हणजे कप्प्यांतील आकडा पाटीवर मांडणें. क्रिया २ म्हणजे कप्प्यांतील आकडा पाटीवरच्या आकड्यांत मिळविणें. क्रिया ३ म्हणजे पाटीवरील आकडा कप्प्यांत ठेवणें. क्रिया ४ म्हणजे पाटीवरील आकड्याला कप्प्यांतील आकड्यानें गुणणें. आतां घरच्या दुधाचा हिशोब करावयाचा आहे. महिन्याच्या तीस दिवसांचें दूध, लिटरांच्या आकड्यांत, १०१ पासून १३० पर्यंतच्या कप्प्यांत ठेविलें आहे. लिटरचा भाव १३१ व्या कप्प्यांत आहे आणि बिल १३२ व्या कप्प्यांत हवें आहे. मग पहिली आज्ञा ११०१, म्हणजे क्रिया १, कप्पा १०१. दुसरी आज्ञा २१०२, म्हणजे १०२ व्या कप्प्यांतील आकडा मिळव. असें २१३० पर्यंत जावयाचें. मग ४१३१, म्हणजे भावानें गुण. आणि शेवटीं ३१३२, म्हणजे उत्तर ठेव. पाहतां पाहतां आज्ञा ही संख्या झाली.

यांतली खुबी पुढेंच आहे. मिळविण्याच्या एकोणतीस आज्ञा वेगवेगळ्या लिहावयाचें कारण नाहीं. आज्ञा हीहि संख्याच असल्यामुळें तिच्यांत एक मिळविला कीं २१०२ ची २१०३ होते ! म्हणून आज्ञा एकदांच लिहावयाची. ती पाळून झाली कीं तोंवरची बेरीज बाजूच्या कप्प्यांत ठेवावयाची. आज्ञेंत एक मिळवावयाचा. आणि 'तीस दिवस पुरे झाले नसतील तर मागें फिर', अशी एक आज्ञा पुढें जोडावयाची. 'अमुक असेल तर मागें फिर, नाहीं तर पुढें चल', ही एवढी आज्ञा यंत्राला पाळतां आली कीं चार ओळींत लक्षावधि बेरजा करवून घेतां येतात. जिला लोक संगणकाची बुद्धि म्हणतात ती मुळांत एवढीच.

अशा रीतीनें क्रमानें लिहिलेल्या आज्ञांच्या संचाला 'प्रोग्राम' किंवा आज्ञावली म्हणतात, आणि आज्ञावल्यांच्या या सर्व सृष्टीला 'सॉफ्टवेअर' हें नांव आहे. उलट, ज्याला हात लावतां येतो तें 'हार्डवेअर'. त्याचीं मुख्य अंगें पांच. आज्ञा व आकडे आंत घेणारें एक. तो कळफलक असो, माउस असो वा फोनचा कॅमेरा असो. आकडे व आज्ञा सांठविणारी स्मृति हें दुसरें. बेरीज, वजाबाकी व तुलना करणारें तिसरें. स्मृतींतून एकेक आज्ञा काढून ती पाळवून घेणारें चौथें. हें तिसरें व चौथें मिळून 'प्रोसेसर' होतो. उत्तर बाहेर दाखविणारें पांचवें, म्हणजे पडदा, छापखाना अथवा कर्णा. प्रोसेसरला एका घड्याळाच्या ठोक्यावर चालावें लागतें. आजच्या साध्या संगणकांत हे ठोके एका सेकंदांत दोन-तीनशें कोटी पडतात. स्मृति दोन प्रकारची असते. चालू कामाची स्मृति चपळ असते, पण वीज जातांच पुसली जाते. दीर्घकाळची स्मृति त्या मानानें मंद असते, पण वीज गेली तरी टिकते. पाटी व दप्तर यांत जो फरक, तोच या दोहोंत.

ही सर्व अंगें असलेलें व आज्ञा स्वतःच्या स्मृतींत ठेवून चालणारें विद्युत्-यंत्र प्रथम चाललें तें इंग्लंडांत, मँचेस्टर विद्यापीठांत, २१ जून १९४८ रोजीं. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किल्बर्न व जेफ टूटिल यांनीं तें बांधलें होतें. प्रयोगापुरतेंच म्हणून त्याला 'बेबी' असें लाडकें नांव पडलें. मात्र हें बाळ एका भिंतीएवढें लांब होतें. त्याची स्मृति जुन्या दूरचित्रवाणीच्या नळीसारख्या एका कांचेच्या नळींत होती. नळीच्या तोंडावर विजेच्या भाराचे ठिपके उमटत, आणि तेच एक व शून्य. हा भार क्षणांत विरून जाई. म्हणून यंत्र तो सारखा वाचून फिरून लिहीत राही. आजच्या संगणकांतील चालू स्मृतिहि अशीच सेकंदांतून कित्येक वेळां स्वतःला उजळीत असते. बेबीच्या स्मृतींत ३२ ओळी व प्रत्येक ओळींत ३२ बिट, म्हणजे सारे मिळून अवघे १,०२४ बिट मावत. त्याला बेरीजहि येत नव्हती. नुसती वजाबाकी येई, आणि वजाबाकीवरूनच तें बेरीज साधी.

त्या दिवशीं त्याला २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा भाजक शोधावयास सांगितलें होतें. ही संख्या सम असल्यामुळें तिची निमपट, म्हणजे १,३१,०७२, हें उत्तर कोणीहि तोंडीं सांगेल. पण यंत्राला ही क्लृप्ति सांगितलेली नव्हती. दिलेल्या संख्येहून एकानें लहान असलेल्या संख्येपासून आरंभ करून एकेक पायरी खालीं उतरावयाचें, व प्रत्येक वेळीं वजाबाकी करून पाहावयाचें, अशी अवघ्या १७ आज्ञांची ती आज्ञावली होती. यंत्रानें ५२ मिनिटें खपून, सुमारें ३५ लाख क्रिया करून, बिनचूक उत्तर दिलें. संगणकाचा स्वभाव या एका प्रसंगांत पुरता दिसून येतो. तो थकत नाहीं, कंटाळत नाहीं, आणि 'ही तर सरळ निमपट आहे' असें त्याच्या मनांत कधींहि येत नाहीं. कारण त्याला मनच नाहीं.

मुंबईनेंहि या विद्येंत लवकरच पाऊल टाकलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय तंत्रज्ञांनीं स्वतः आंखलेला व बांधलेला संगणक १९६० मध्यें कामाला लागला, व १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. तोहि व्हॉल्व्हवर चालणारा होता. व्हॉल्व्ह मोठे, तापणारे व वारंवार बिघडणारे. त्यांची जागा हळूहळू ट्रान्झिस्टरनें घेतली. हा लहानसा खटका अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्येंच जन्मला होता. पुढें सिलिकॉनच्या एका कपच्यावर अनेक ट्रान्झिस्टर कोरण्याची कला साधली, आणि आज नखाएवढ्या जागेंत ते शेंकडों कोटी मावतात. साध्या फोनचीहि चालू स्मृति ८ गिगाबाइट असते, म्हणजे बेबीच्या स्मृतीच्या सुमारें सहा कोटी एकाहत्तर लाख पट. आकार व वेग यांत असें आकाशपाताळाचें अंतर पडलें. तत्त्व मात्र १९४८ चेंच राहिलें. कप्पे, पाटी, एकेक आज्ञा, आणि मागें फिर किंवा पुढें चल.

बदललें तें आज्ञा देण्याच्या सोयींत. ११०१, २१०२ असे आकडे लिहीत बसणें माणसाला जिकिरीचें होतें. म्हणून माणसाच्या लेखनाला जवळ अशा भाषा निर्माण झाल्या. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५७ मध्यें दिलेली 'फोर्ट्रान' ही त्यांतील आरंभींची एक प्रसिद्ध भाषा. तींत लिहिलेल्या मजकुराचें यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करण्याचें कामहि एक आज्ञावलीच करते. याच्या जोडीला प्रत्येक संगणकांत एक कारभारी आज्ञावली असते. तिला 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. कोणत्या कामाला किती स्मृति द्यावयाची, कळफलकावरचें अक्षर कोणाला पोंचवावयाचें, कागद केव्हां छापावयाचा, हें ती पाहते. पत्रलेखन, हिशोब, तिकिटें, खेळ हीं सारीं तिच्या हाताखालचीं कामें. म्हणून एकच पेटी घटकेंत टंकलेखक होते, घटकेंत गायक होते व घटकेंत मुनीम होते. एनिॲकला जें तारा उपटून करावें लागे, तें आज आज्ञावली बदलून निमिषांत होतें.

पण ज्या गुणामुळें हें यंत्र इतकें उपयोगी झालें, त्याच गुणांत धोकाहि आहे. दुधाच्या हिशोबाकडे फिरून पाहावें. रोज दोन लिटर दूध व भाव साठ रुपये, तर तीस दिवसांचें बिल ३,६०० रुपये. पुढचा महिना एकतीस दिवसांचा आला. एकतिसाव्या दिवशींचें दूध कोणी पुढच्याच, म्हणजे १३१ व्या कप्प्यांत घातलें. त्या कप्प्यांत भाव होता. तो पुसला जाऊन तेथें दोन हा आकडा बसला. आतां यंत्र तीस दिवसांचें साठ लिटर दूध मोजील, त्याला दोनानें गुणील व १२० रुपयांचें बिल सुबक अक्षरांत छापून देईल. खरें बिल ३,७२० रुपये ! यंत्र बिघडलें का ? मुळींच नाहीं. त्यानें प्रत्येक आज्ञा चोख पाळली. चूक त्याची, ज्यानें महिना तीसच दिवसांचा धरला. घरचा मुनीम '१२०' हा आकडा पाहतांच चपापला असता. यंत्राला चपापतां येत नाहीं. आणि हीच चूक उलट दिशेनें झाली, तर भुर्दंड गिऱ्हाइकाला बसेल.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. ब्रिटनच्या पोस्टांत १९९९ पासून 'होरायझन' नांवाची संगणक-व्यवस्था सुरू झाली. लहान गांवांतून पोस्टाचें दुकान चालविणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशोबांत ती पैशांची तूट दाखवूं लागली. कित्येकांनीं पदरचे पैसे घालून ती भरून दिली. आपला हिशोब बरोबर आहे असें ते परोपरीनें सांगत राहिले, पण अधिकाऱ्यांनीं यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवला. इंग्लंडच्या न्यायालयांतहि, उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालत होता असेंच गृहीत धरण्याची रीत होती. आणि आज्ञावलींतील दोषाचा पुरावा खेड्यांतल्या पोस्टमास्तराजवळ कोठून असणार? २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांवर चोरीचे अथवा खोट्या हिशोबाचे आरोप शाबीत ठरले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचे संसार मोडले. त्या व्यवस्थेंत दोष होते व त्यांमुळें हिशोबांत तूट दिसूं शकत होती, असा निवाडा लंडनच्या उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें दिला. आणि २०२४ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून अशा शेंकडों शिक्षा एकदम रद्द केल्या. तोंपर्यंत कांहींजण आपली अब्रू परत मिळालेली न पाहतांच जगांतून निघून गेले होते.

हल्लीं माणसाशीं बोलणारे व निबंध लिहून देणारे संगणक निघाले आहेत, त्यांमुळें यंत्राला आतां समज आली असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. पण त्यांच्याहि पोटांत तेच कप्पे व त्याच बेरजा-गुणाकार आहेत. फरक इतकाच कीं, कोणत्या आकड्याला किती वजन द्यावयाचें हें माणूस एकेक करून लिहीत नाहीं. अफाट मजकुरांतून तीं वजनें यंत्राकडूनच बसवून घेतलेलीं असतात. त्यामुळें चूक नेमकी कोठें आहे हें शोधणें अधिक कठीण होतें, आणि उत्तर पडताळून पाहण्याची गरज कमी न होतां वाढते.

संगणकाला भिण्याचें कारण नाहीं व त्याला देव्हाऱ्यांत बसविण्याचेंहि कारण नाहीं. तो अत्यंत आज्ञाधारक, अत्यंत चपळ व अत्यंत अजाण असा चाकर आहे. सांगितलेलें तो करतो. मनांत असलेलें करीत नाहीं. म्हणून "संगणकांत असेंच दिसतें आहे" असें कोणी म्हणेल, तेव्हां शांतपणें तीन प्रश्न विचारावे : आंत कोणते आकडे घातले, ते कोणीं घातले, आणि त्यांवर कोणता हिशोब चालविला ? हे प्रश्न विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे व त्यांचें उत्तर देण्याचें कर्तव्य खिडकीपलीकडच्या माणसाचें आहे. आपल्या घरचा हिशोब एका लहानशा वहींत लिहून ठेवण्याची जुनी चाल ज्यांनीं सोडलेली नाहीं, त्यांना हे प्रश्न विचारणें अधिक सोपें जाईल.